खान्देशात घरी पीसी बांधताय? मग प्रोसेसर आणि मदरबोर्ड असा निवडा

अ‍ॅडमिशनचा सीझन आला की जळगाव, धुळे, नंदुरबार, सगळीकडून एकच प्रश्न येतो, "भाऊ, आय फाईव्ह घेऊ का आय सेव्हन?" मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडायचा मुख्य बोर्ड) कोणता घ्यायचा हे कुणीच विचारत नाही, बोर्ड म्हणजे दुकानदार कॉम्बोमध्ये देईल तो. मग दोन वर्षांनी मे महिन्यात भर दुपारी पीसी रडायला लागतो, मधेच रिस्टार्ट मारतो, आणि शिव्या बसतात प्रोसेसरला. माझं म्हणणं सरळ आहे. बजेट ठरलेलं असेल तर प्रोसेसर एक पायरी खाली घ्या, पण बोर्ड एक पायरी वरचा घ्या. एसी रूममध्ये टेस्टिंग करणाऱ्यांना हे तितकं महत्त्वाचं वाटत नाही, पण आपल्याकडे जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, व्होल्टेज वरखाली होतं, लाईट सांगून जात नाही, आणि बोर्ड गेला तर बऱ्याचदा तो बाहेरगावी पाठवून वाट बघत बसावं लागतं. प्रोसेसर सहसा मरत नाही, मरतो तो बोर्ड.

आता पायरी पायरीने बघू.

पहिलं: काम काय करणार ते कागदावर लिहा

"सगळंच करायचंय" असं सांगू नका, दिवसातले जास्त तास कशात जातात ते लिहा. त्यावरून निम्मा निर्णय आपोआप होतो.

कृषी केंद्राचं बिलिंग, टॅली, जीएसटी रिटर्न, ऑनलाइन फॉर्म, एमपीएससीचे लेक्चर, एवढंच असेल तर आय थ्री १२१०० भरपूर झाला. चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), आत ग्राफिक्स आहे म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. टॅलीसारखी सॉफ्टवेअरं एकाच कोअरवर जास्त अवलंबून असतात, तिथं सोळा कोअर घेऊन काही फायदा नाही, त्यापेक्षा एसएसडी आणि १६ जीबी रॅम टाका, फरक लगेच दिसेल. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेचं काम करणाऱ्यांचंही तेच, कोरल ड्रॉला एका कोअरचा स्पीड हवा असतो, कोअरची गर्दी नको.

इंजिनिअरिंग किंवा बीसीएचा विद्यार्थी असेल, प्रोग्रामिंग, अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन चालवणार असेल तर सहा कोअरपासून सुरुवात करा. इंटेलमध्ये आय फाईव्ह १२४००, एएमडीमध्ये रायझन फाईव्ह ५६००जी किंवा ५६००जीटी. दोन्हीकडे सहा कोअर, बारा थ्रेड आणि दोन्हीत ग्राफिक्स आहे, म्हणजे पहिल्या वर्षी कार्डाशिवाय चालवा आणि पुढे पैसे जमले की कार्ड टाका.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांसाठी मात्र मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण इथं सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात. आजकाल मिररलेस कॅमेऱ्यात १०-बिट ४:२:२ रेकॉर्डिंग करतात (त्यात रंगांची माहिती जास्त असते), तेही एच.२६५ मध्ये, म्हणजे फाईल दाबून लहान करायच्या पद्धतीत. ही फाईल टाइमलाइनवर टाकली की पीसी अडकत अडकत चालतो आणि माणूस म्हणतो कार्ड बदलायला पाहिजे. पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० सिरीजच्या आधीच्या कार्डांमध्ये ४:२:२ उलगडायची हार्डवेअर सोयच नाही, आणि ती सोय इंटेलच्या प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्समध्ये आहे, तिला क्विक सिंक म्हणतात. म्हणजे तुम्ही महागडं आरटीएक्स ३०६० घेतलं आणि सोबत दोन पैसे वाचवायला एफ मॉडेलचा (आत ग्राफिक्स नसलेला) प्रोसेसर घेतला, तर जी गोष्ट कामाला येणार होती तीच सोडून आलात. स्टुडिओवाल्यांनी एफ घ्यायचाच नाही. आणखी एक बारीक गोष्ट, १२४००, १३४००, १४४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स असतं आणि १२५००, १३५००, १४५०० मध्ये यूएचडी ७७०. ७३० मध्ये व्हिडिओ इंजिन एक असतं, ७७० मध्ये दोन. चार-चार कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र कापणाऱ्याला हा फरक जाणवतो, किमतीत मात्र फार फरक नसतो.

गेमिंगसाठी उलटं गणित. तिथं पैसा ग्राफिक्स कार्डात जायला पाहिजे, त्यामुळे १२४००एफ किंवा रायझन फाईव्ह ५६०० घ्या आणि उरलेलं सगळं कार्डात टाका. बजेट मोठं असेल तर रायझन फाईव्ह ७६०० किंवा ९६००एक्स.

दुसरं: प्रोसेसरचं नाव वाचायला शिका

"आय सेव्हन आहे दादा, घेऊन जा" असं म्हणून चौथ्या पिढीचा आय सेव्हन अजून विकला जातो. आय सेव्हन ४७७० हा २०१३ चा, चार कोअर आठ थ्रेड. आय थ्री १२१०० सुद्धा चार कोअर आठ थ्रेड, पण २०२२ चा, आणि तो त्या जुन्या आय सेव्हनला आरामात मागे टाकतो. त्यामुळे आय फाईव्ह, आय सेव्हन हे नंतर बघा, आधी मागचा आकडा बघा. १२४०० म्हणजे बारावी पिढी, १४१०० म्हणजे चौदावी.

मागची अक्षरंही महत्त्वाची. इंटेलमध्ये एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येतो (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवता येतो), पण बॉक्समध्ये फॅन मिळत नाही आणि गरम जास्त होतो, आपल्या हवामानात मी के कुणालाच सांगत नाही. टी म्हणजे कमी वीज खाणारा. एएमडीमध्ये जी असेल तर दमदार ग्राफिक्स आत आहे. ५००० सिरीजपर्यंत जी नसेल तर ग्राफिक्स अजिबात नाही. ७००० पासून पुढे बहुतेकांमध्ये साधं कामचलाऊ ग्राफिक्स दिलेलं आहे, फक्त ७५००एफ सारख्या एफ वाल्यांमध्ये नाही.

जी मॉडेलमध्ये एक खाच आहे. ५६००जी मध्ये कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे, ३२ च्या जागी १६ एमबी, आणि पीसीआयई (कार्डाला प्रोसेसरशी जोडणारी लाइन) पण जुनी ३.० आहे. त्यामुळे पुढे आरएक्स ६५०० एक्सटी सारखं चारच लेनवालं (डेटाचे चारच रस्ते असलेलं) कार्ड लावलं तर ते चांगलंच मार खातं. तसंच ८५००जी, तो नवीन आहे, पण ग्राफिक्स कार्डाला फक्त चार लेन देतो. सहा महिन्यांत कार्ड नक्की घेणार असाल तर जी च्या मागे लागू नका.

आणि तो अगदीच स्वस्त एच६१ बोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय फाईव्ह, "नवीन असेंबल" म्हणून मिळतो ना, तो घेऊ नका. एच६१ हा चिपसेट (बोर्डाला काय काय झेपेल ते ठरवणारी चिप) २०११ चा आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, एएमडीमध्ये साधारण रायझन २००० पासून पुढे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पोराच्या अभ्यासासाठी म्हणून आज घेतलेला पीसी पहिल्याच दिवशी जुना झालेला असेल तर ते पैसे वायाच गेले. बजेट फारच कमी असेल तर आठव्या-नवव्या पिढीचा ब्रँडेड रिफर्बिश्ड डेस्कटॉप बिलासकट घेणं जास्त बरं.

तिसरं: सॉकेट म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा निर्णय

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. सॉकेट जुळलं नाही तर काहीच होत नाही, आणि पुढे प्रोसेसर वाढवायचा असेल तर कुठपर्यंत जाता येईल हेही तेच ठरवतं. सध्या बाजारात चार दिसतात.

एएम४, एएमडीचं जुनं पण दणकट सॉकेट. रायझन २०१७ ला आला तो याच्यावरच. रॅम डीडीआर४. स्वस्तात काम करायचं तर आजही बरं, पण हे सॉकेट आता उतरणीला लागलंय.

एएम५, २०२२ ला आलं. फक्त डीडीआर५ रॅम. यात पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर आहेत, एकूण १७१८. हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवणार असं एएमडीने स्वतः जाहीर केलंय, म्हणजे आज ७६०० घ्या आणि तीन-चार वर्षांनी त्याच बोर्डवर नवीन टाका, हे होऊ शकतं.

एलजीए १७००, इंटेलची बारावी, तेरावी, चौदावी पिढी याच्यावर. यात बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५, त्यामुळे बोर्ड घेताना नावात काय लिहिलंय ते नीट बघा, एकाच नावाचे दोन बोर्ड असतात, एक डीडीआर४ चा आणि एक डीडीआर५ चा, आणि रॅम एकमेकांत बसत नाही.

एलजीए १८५१, इंटेल कोअर अल्ट्रा २०० सिरीजचं, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. फक्त डीडीआर५. घरगुती बजेटमध्ये मला तरी याची गरज दिसत नाही.

रॅमचा मुद्दा आता मोठा झालाय. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, डीडीआर५ तर हाताबाहेर गेली आणि डीडीआर४ पण सुटली नाही. त्यामुळे नुसत्या प्रोसेसर-बोर्डाच्या किमतीची तुलना करू नका, प्रोसेसर अधिक बोर्ड अधिक १६ जीबी रॅम अशी तिघांची बेरीज करून दोन प्लॅटफॉर्मची तुलना करा. घरात जुन्या पीसीची डीडीआर४ रॅम पडून असेल तर एएम४ किंवा डीडीआर४ वालं एलजीए १७०० हे पहिल्यांदा बघा, मोठी बचत होते.

तेराव्या-चौदाव्या पिढीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. त्यातले जास्त ताकदीचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे कालांतराने खराब व्हायला लागले, इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केलं, बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेटमधून दुरुस्ती दिली आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षं वाढवली. घ्यायलाच नको असं नाही, पण घेतला की पहिलं काम बायोस अपडेट. बाराव्या पिढीला हा त्रास नाही, म्हणून १२४०० अजून माझा आवडता आहे.

चौथं: चिपसेट

यात फार डोकं घालायची गरज नाही. इंटेलमध्ये एच६१० सगळ्यात खालचा, मग बी६६० आणि बी७६०, वर झेड. एएमडीमध्ये ए५२० आणि ए६२० खालचे, बी४५०, बी५५०, बी६५०, बी८५० मधले, एक्स वरचे. झेड आणि एक्स घरच्या पीसीला लागत नाहीत. बी हा मधला रस्ता नेहमी बरोबर असतो.

एच६१० कधी चालतो? आय थ्री लावून बिलिंग करायचं असेल तेव्हा. रॅमचे दोनच स्लॉट असतात, एम.२ चा (एसएसडी लावायचा) स्लॉट पीसीआयई ३.० स्पीडचा असतो, पण ऑफिसच्या कामाला ते पुरतं. त्याच्यावर आय सेव्हन लावून देणारा दुकानदार भेटला तर तिथून उठा. बोर्ड तो घेईल, पीसी चालूही होईल, आणि खरा प्रश्न उन्हाळ्यात कळेल. तो प्रश्न म्हणजे पुढची पायरी.

पाचवं: व्हीआरएम आणि खान्देशातलं ऊन

एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला साधारण एक-सव्वा व्होल्ट लागतं. हे रूपांतर करणारी जी सर्किट सॉकेटच्या डाव्या बाजूला आणि वरती असते ती व्हीआरएम. बोर्ड हातात घेऊन बघा, सॉकेटशेजारी ओळीने छोटे करडे-काळे चौकोनी ठोकळे दिसतील, ते चोक. त्यांच्या बाजूला चपट्या काळ्या चिप्स असतात त्या मॉसफेट, गरम होतात त्या ह्या. चांगल्या बोर्डावर ह्या मॉसफेटवर जाड ॲल्युमिनियमचा हीटसिंक स्क्रूने घट्ट बसवलेला असतो, स्वस्त बोर्डावर त्या उघड्या असतात. बोटाने हीटसिंक हलवून बघा, नुसता चिकटपट्टीवर टेकवलेला आणि हलका पोकळ असेल तर तो दिखाऊ आहे.

प्रोसेसरला वीज देणारं कनेक्टर चार पिनचं आहे की आठ पिनचं तेही बघा. सहा कोअर आणि त्यापुढच्याला आठ पिनचं पाहिजे.

आता ऊन. समजा एखाद्या रिव्ह्यूमध्ये लिहिलंय की अमुक प्रोसेसर बॉक्समधल्या फॅनवर ७२ डिग्रीला चालतो. ते टेस्टिंग साधारण २५ डिग्रीच्या खोलीत झालेलं असतं. फॅन हवेनेच थंड करतो, त्यामुळे खोली जेवढी जास्त गरम तेवढा प्रोसेसर जास्त गरम, जवळजवळ सरळ हिशोब. पत्र्याच्या छताच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ४० डिग्री असेल तर तोच प्रोसेसर ८७ ला जाणार. रायझन ५६०० ची मर्यादा ९० आहे, इंटेलची साधारण १००. मर्यादेला टेकला की प्रोसेसर स्वतःचा स्पीड कमी करतो. व्हीआरएम गरम झाली की बोर्डसुद्धा प्रोसेसरचा स्पीड पाडतो, आणि ते तुम्हाला प्रोसेसरच्या तापमानात दिसतच नाही, प्रोसेसर ७० ला आणि तरी पीसी स्लो, मग माणूस फॉरमॅट मारत बसतो. एक पायरी वरचा बोर्ड घ्या म्हणतोय ते ह्यासाठीच. १३४०० आणि उघड्या व्हीआरएमचा एच६१० यापेक्षा १२४०० आणि हीटसिंकवाला बी७६० हा जोड खान्देशात जास्त काम देईल, आणि पुढे कधी सेकंडहँड मोठा प्रोसेसर मिळाला तर तो बोर्ड झेपवेल.

फॅनचंही बघा. बॉक्समध्ये १२४०० आणि ५६०० सोबत फॅन येतो, थंड गावात पुरतो, आपल्याकडे काठावर पास होतो. १२० एमएमच्या फॅनचा साधा टॉवर कुलर लावा, पाइपवाला. पाण्याच्या लिक्विड कुलरची गरज नाही, उगाच पंप बिघडायची भानगड.

डेझर्ट कुलर घरोघरी आहे, म्हणून सांगतो, कॅबिनेट त्याच्या झोताच्या समोर ठेवू नका. ओली हवा आणि धूळ एकत्र आली की बोर्डावर चिखलासारखा थर बसतो आणि तो पुढे ओलावा धरतो. बाजूला ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, आणि खाली फरशीवर न ठेवता स्टुलावर.

सहावं: मागचे पोर्ट, स्लॉट, बाकी बारीकसारीक

हे पटकन बघून घ्या, पण बघाच. घरातला मॉनिटर व्हीजीए वाला असेल तर बोर्डाला व्हीजीए पोर्ट आहे का? बरेच एच६१० बोर्ड अजून देतात, वरचे बोर्ड बऱ्याचदा देत नाहीत. दुकानात जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल आणि तो पॅरलल केबलवर चालत असेल तर तसं हेडर (केबल जोडायच्या पिना) काही बोर्डांवर मिळतं, आधी विचारा. वायफाय बहुतेक स्वस्त बोर्डांत नसतं, नसेल तर यूएसबी डोंगल घ्यावा लागेल तेवढे पैसे धरा. रॅमचे चार स्लॉट मिळाले तर उत्तम. एम.२ चे दोन स्लॉट असलेले बरे. कॅबिनेट छोटी असेल तर मायक्रो एटीएक्स बोर्ड घ्या, तो २४४ बाय २४४ एमएमचा असतो आणि घरच्या कामाला त्यात काही कमी पडत नाही.

सातवं: दुकानात

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये किंवा आपापल्या गावच्या ओळखीच्या दुकानात जा, ऑनलाइन भाव मोबाईलवर उघडून ठेवा आणि शांतपणे बोला. शे-दोनशे रुपयांनी महाग पडलं तरी गावातल्या दुकानाकडून बोर्ड घेणं मला पटतं, कारण काही झालं तर समोर माणूस असतो. पण बिल पक्कं घ्या, जीएसटीचं, १८ टक्के लागतो म्हणून कच्च्या बिलाच्या नादी लागू नका, वॉरंटीच्या वेळी तारीख आणि सिरीयल नंबर असलेलं बिलच लागतं.

प्रोसेसर बॉक्स पॅक आहे का ट्रे (खोक्याशिवाय सुटा) हे विचारा. बॉक्सवाल्याला कंपनीची तीन वर्षं वॉरंटी असते आणि सोबत फॅन येतो, के वाले आणि एएमडीचे ९६००एक्स सारखे सोडून. ट्रे मध्ये फॅन नाही आणि वॉरंटी बऱ्याचदा फक्त दुकानदाराची. फरक थोडा असेल तर बॉक्सच घ्या. सीलवरचा नंबर आणि प्रोसेसरवरचा नंबर जुळवून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, हे दुकानातच करायचं. बोर्डाचा बॉक्स त्यांच्यासमोर उघडा, सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण हळूच काढा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पिनांकडे बघा. सगळ्या पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत, एखाद्या ठिकाणी चमक तुटलेली किंवा वेगळ्या दिशेला वळलेली दिसली तर तो बोर्ड परत. फोटो काढून ठेवा, बॉक्सवरच्या सिरीयल नंबरसकट. पिन वाकलेली असली की कंपनी वॉरंटी नाकारते, आणि ती तुमच्याकडे वाकली की आधीच वाकलेली होती हे सिद्ध करायला फोटोशिवाय काही नसतं. ते काळं झाकण फेकू नका, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लावूनच पाठवावं लागतं. एएम४ ला पिना प्रोसेसरच्या बाजूला असतात, तिथं प्रोसेसर तपासा.

बायोसचंही इथंच विचारा. बी६६० बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल आणि प्रोसेसर चौदाव्या पिढीचा, किंवा बी४५० आणि रायझन ५०००, तर बायोस जुना असल्यामुळे डिस्प्ले येणार नाही. दुकानदाराकडून अपडेट करून घ्या, नाहीतर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या, त्यात प्रोसेसर न लावता पेनड्राईव्हवरून अपडेट होतं. कंपनीच्या साईटवर प्रत्येक बोर्डाची सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, त्यात तुमचा प्रोसेसर आणि कोणत्या बायोसपासून चालतो ते लिहिलेलं असतं, पाच मिनिटांचं काम आहे.

आठवं: जोडणी

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या बॉक्सवर ठेवा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, वरून सोडा, दाबू नका, तो आपल्या वजनाने बसतो. एलजीए मध्ये मग दांडी खाली करताना थोडा जोर लागतो आणि करकर आवाज येतो, तो नॉर्मल आहे, घाबरू नका. थर्मल पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरे.

रॅमच्या दोन काड्या असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. एक १६ च्या ऐवजी दोन ८ लावल्या की ड्युअल चॅनल मिळतं (दोन्ही काड्या एकाच वेळी काम करतात), आणि ५६००जी सारख्या आतल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्यांना याचा मोठा फायदा, कारण ते ग्राफिक्स रॅमच वापरतं.

एसएमपीएसची प्रोसेसरवाली आठ पिनची केबल चार अधिक चार अशी फुटते, ग्राफिक्स कार्डवाली सहा अधिक दोन अशी. दोन्ही दिसायला जवळची आहेत, अदलाबदल करायला जोर लावू नका.

चालू करायच्या आधी अर्थिंग. घरातल्या सॉकेटला तिसऱ्या पिनमध्ये खरंच अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसलं की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर व्होल्टेज येऊन बसतं. करंट बारीक असतो पण एचडीएमआय किंवा यूएसबी केबल लावताना तोच बोर्डाचा पोर्ट मारतो. गावाकडे बोर्ड जाण्याचं हे मोठं कारण आहे आणि हजार-पाचशेत अर्थिंगचं काम होऊन जातं.

नववं: पहिल्यांदा चालू केल्यावर

डीडीआर५ वाल्यांनो, पहिल्यांदा बटण दाबल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो. मेन स्विच बंद करू नका, थांबा.

डिस्प्ले आला की बायोसमध्ये जा, तापमान बघा, इंटेलमध्ये एक्सएमपी आणि एएमडीमध्ये एक्सपो किंवा डीओसीपी नावाचा पर्याय चालू करा, नाहीतर रॅम कमी स्पीडवरच चालत राहते. एच६१० वर रॅमचा स्पीड फार वर जात नाही, तिथं महाग रॅम घेऊ नका.

मग पॉवर लिमिट. बरेच इंटेल बोर्ड कंपनीने ठरवलेली मर्यादा उठवून ठेवतात, म्हणजे प्रोसेसर पाहिजे तेवढी वीज ओढतो. १२४०० साठी इंटेलचे आकडे ६५ वॅट आणि टर्बोला ११७ वॅट आहेत, ते बायोसमध्ये स्वतः भरा. उन्हाळ्यात दोन्ही ६५ करून टाकले तरी बिलिंग-ब्राउझिंगमध्ये फरक कळत नाही. एएमडी एएम५ मध्ये इको मोड आहे, तो लावा, कामात थोडंसं कमी आणि तापमानात बरंच कमी.

बायोस अपडेट करायचं असेल तर यूपीएस लावूनच करा. अपडेटच्या मधे लाईट गेली की बोर्ड उठत नाही, मग फ्लॅशबॅक बटण असेल तर वाचलात, नाहीतर चिप प्रोग्रॅम करणारा शोधावा लागतो. सकाळी लवकर, यूपीएस पूर्ण चार्ज असताना करा.

जुना एएम४ पीसी असलेल्यांसाठी

तुमच्याकडे २०१८-१९ चा रायझन ५ २६०० आणि बी४५० असेल तर नवीन पीसी घेऊ नका. त्याच बोर्डावर ५६०० किंवा ५७००एक्स बसतो, रॅमही तीच राहते, आणि सध्याच्या रॅमच्या भावात हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे. ए३२० बोर्डांनाही २०२२ पासून एएमडीने ५००० सिरीजची परवानगी दिली, तुमच्या बोर्डाच्या कंपनीने तसा बायोस काढलाय का तेवढं साईटवर बघा, पण त्या स्वस्त बोर्डाची व्हीआरएम उघडी असेल तर ५६०० च्या पुढे जाऊ नका. क्रम असा ठेवा: आधी जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट करा, मग पीसी दहा मिनिटं चालवून थोडा गरम करा, बंद करून प्लग काढा, आणि कुलर काढताना सरळ वर ओढू नका, डावीकडे-उजवीकडे हळू फिरवून सैल करा. एएम४ मध्ये पेस्ट सुकलेली असली की ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कुलरला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. सैल झाला की दांडी उचला, जुना प्रोसेसर काढा, कुलरच्या तळाची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवा बसवा. विंडोज पुन्हा टाकायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, कारण प्रोसेसर बदलला की टीपीएम बदलतो आणि विंडोज ती मागतं.